पेटीत उरलेली बाजू

४ फेब्रुवारी

ही डायरी ताईने पाठवली. कुठल्याशा औषध कंपनीची, प्रत्येक पानाखाली खोकल्याच्या औषधाची जाहिरात. ताईने पस्तीस वर्षं दवाखान्यात औषधं दिली, तिच्या कपाटात अशा डायऱ्यांची थप्पी आहे. फोनवर म्हणाली, "मला काही सांगत नाहीस, निदान हिला सांग. नाहीतर फुटशील एक दिवस." फुटतो कसला! पण एका जागी बसवत नाही हे खरं आहे. आज जेवता जेवता तीनदा उठलो.

कारण सरळ आहे. या डोंगरात खाण काढण्याइतकं तांबं आणि चांदी आहे की नाही, हे मला तीस मार्चला सांगायचंय. हो किंवा नाही, आणि खाली माझी सही. दहा ठिकाणी ड्रिल करायचं ठरलं, सहा ठिकाणी झालं. सहांची सरासरी अर्धा टक्का तांबं. हवं ०.९. चांदी टनामागे पंचवीस ग्रॅम हवी, आहे चौदा.

कंपनीत मला नाहीसाहेब म्हणतात. तोंडावर म्हणतात. सव्वीस वर्षांत एकोणीस डोंगर बघितले, एकोणीस वेळा 'नाही' लिहिलं. अठरा वेळा बरोबर होतो. एकदा चुकलो. मी नाही म्हणून निघून आलो आणि चार वर्षांनी दुसऱ्या कंपनीने माझ्या शेवटच्या ड्रिलच्या भोकापासून ऐंशी मीटरवर ड्रिल घातलं. आज तिथे खाण आहे. इथे येणारी बस त्या खाणीच्या फाटकावरूनच जाते. मी त्या बाजूची खिडकी घेत नाही.

७ फेब्रुवारी

ताईला दगडात तांबं कसं शिरतं ते समजून घ्यायचं होतं. सांगितलं. लाव्हा एकदाच वाहत नाही, थरावर थर येतात. थराचं पोट घट्ट, राखाडी, त्यात काही नाही. पण थराचा माथा फेसाळ असतो. वायूचे बुडबुडे तिथे अडकले आणि दगड थिजला. भाजलेल्या विटेसारखा लाल, भोकाभोकांचा. पुढे कधीतरी खालून गरम पाणी भेगांतून वर आलं. त्यात तांबं होतं, चांदी होती. ते त्या भोकांत जाऊन बसलं.

"म्हणजे स्पंज."

"स्पंजच. फक्त भेग ज्या अंगाला असेल तेच अंग भरतं. बोटभर पलीकडे कोरडं."

"म्हणजे आईच्या केकसारखं," ताई म्हणाली. "एका बाजूला सगळे बेदाणे, दुसरी बाजू नुसता पाव. आठवतंय? सुरी तुझ्या हातात द्यायची आणि उचलायचं आधी मी. जो कापेल त्याने शेवटी उचलायचं. काय भोकाड पसरायचास त्या नियमावरून!"

मी विषय बदलला. तर म्हणे, "लग्नालाही नाहीच म्हणालास, त्याचं लिही त्या डायरीत." ही बाई वयाने मोठी नसती तर फोन आपटला असता.

११ फेब्रुवारी

सातवं भोक पूर्वेला सरकवलं, साठ मीटर. नकाशात त्या बाजूला एक जुनी भेग दिसते. पाणी आलं असेल तर तिथूनच. ड्रिलर कुरकुरला. त्याला सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असला तरी. "साहेब, तिथे मशीन उभी करायची म्हणजे आधी उतार कापा, मग ओटा बांधा. त्यापेक्षा मला सरळ वरून ढकलून द्या." शेवटी केलं त्याने. शिव्या देत केलं, पण चोख केलं.

आज टेबलावरची ट्यूब गेली. ड्रिलमधून निघणाऱ्या दगडी दांड्याचे, म्हणजे कोअरचे फोटो त्याच उजेडात काढतो. नवा दिवा आणला, मोठा, पांढऱ्या उजेडाचा. प्लग फक्त उजव्या भिंतीला आहे, तेव्हा दिवाही उजवीकडे आला. एका अर्थी बरं झालं. वरून पडणाऱ्या ट्यूबमध्ये सगळे दगड सारखेच मरगळलेले दिसायचे. तिरपा उजेड पडला की चमक उठून दिसते.

१५ फेब्रुवारी

सातव्याची कोअर वर आली. चौसष्ट मीटरवर लाल माथा लागला. भोकं भरलेली! पांढरं, पोपटी, आणि मधे शिसपेन्सिलीच्या टोकासारखं राखाडी. ते तांब्याचं खनिज. काही ठिकाणी जांभळट-निळं. एका पोकळीत चांदीची तार, केसाएवढी. मामाला दाखवली. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही हसलात! तारीख लिहून ठेवा." लिहून ठेवली.

दिवसभर टेबलाशी होतो. काम ठरलेलं आहे. कोअरचे तुकडे पन्हाळीसारख्या पेटीत ओळीने लावायचे, पाणी मारायचं, फोटो काढायचा. मग लाल पेन्सिलने मधोमध लांब रेघ. दगड कापायला मावशी आहेत, त्या रेघेवर करवत चालवतात. उजवी अर्धी कोअर पिशवीत घालून लॅबला, डावी अर्धी पेटीत परत. उजवी म्हणजे उजवीच, त्यात आवडनिवड नाही. सव्वीस वर्षं हा नियम पाळतोय.

लाल माथ्यात कोअरचा पार चुरा होतो, तुकडे कसेही फिरलेले असतात. मग एकेक तुकडा हातात घेऊन दिव्याकडे नीट वळवतो, फोटो चांगला यावा म्हणून. आजचे फोटो असे आलेत की मोठे साहेब फ्रेम करून लावतील.

मावशी आधी फरशांच्या दुकानात दगड कापायच्या. हात इतका स्थिर की बघत राहावं. आज म्हणाल्या, "साहेब, तुमची चमक नेहमी उजव्या अंगालाच कशी असते हो?"

म्हटलं, "मावशी, तुमची नजर तयार व्हायला लागली."

२२ फेब्रुवारी

लॅबचा पत्ता नाही. रोज फोन, रोज "उद्या, सर". आज पेट्या मोजल्या, दोनशे बारा. दुपारी पुन्हा मोजल्या. दोनशे बाराच! मावशी म्हणाल्या, "पळून जात नाहीत त्या." मग डोंगर चढून मशीनपर्यंत गेलो. मामा म्हणाला, "साहेब, तुम्ही इथे उभे राहिल्याने ड्रिल जोरात जाणार नाही." खाली आलो. खोलीतल्या टेबलाची जागा बदलली. नंतर परत होती तिथे ठेवली.

२ मार्च

एक पूर्णांक एकवीस!

सातव्याच्या लाल माथ्याची सरासरी १.२१ टक्के तांबं. चांदी छत्तीस ग्रॅम. आकडा चारदा वाचला. मग चष्मा पुसून पाचव्यांदा. पूर्वेला सरकवणारा मी. भेग ओळखणारा मी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा असं वाटलं की डोंगर माझ्याशी बोलला. काय लिहितोय हे! पण खोडत नाही.

९ मार्च

आठवं १.०८.

मोठ्या साहेबांचा फोन. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण साहेब म्हणजे साहेब. "काय नाहीसाहेब, आता नाव बदलावं लागणार तुमचं." मी वरवर हसलो. फोन ठेवल्यावर आरशात बघून खरंखुरं हसलो.

कॅम्पभर बातमी गेली. मामाने भाड्याची खोली आणखी वर्षभर ठेवायचं ठरवलं. मावशींनी विचारलं, "म्हणजे करवत चालू राहणार?" त्यांची मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. म्हटलं, "मावशी, पुढच्या वर्षी चार करवती लागतील. तुम्ही मुकादम." पातं धुताना त्या गुणगुणत होत्या.

एवढं सगळं छान चाललंय आणि माझी चुळबुळ कमी होत नाही. ताई म्हणते, "सुख टोचतं तुला."

१३ मार्च

बाहेरचा तपासनीस येऊन गेला. किडकिडीत, दिवसभर नुसतं गरम पाणी पितो. पिशव्यांचे नंबर बघितले, लॅबची परीक्षा घ्यायला मुद्दाम मिसळलेले खोटे नमुने बघितले, तीच भुकटी दुसऱ्यांदा तपासून आलेले आकडे ताडून बघितले. सगळं जुळलं. जाताना म्हणाला, "इतकं स्वच्छ काम हल्ली बघायला मिळत नाही." मी त्याला बसपर्यंत सोडायला गेलो. इतका कधी कुणाला सोडायला गेलो नव्हतो.

१७ मार्च

नववं १.०७. तिन्हींची मिळून सरासरी १.१२, चांदी तेहतीस. झालं! दहावं कसंही येवो, अहवाल 'हो' आहे. आज पहिलं पान लिहायला घेतलं.

सव्वीस तारखेला संचालक मंडळी पेट्या बघायला येणार. मोठे साहेब म्हणाले, "चांगला माल मांडून ठेवा." सातव्याची, चौसष्टाव्या मीटरची पेटी उघडली. तिथला एक मीटर २.९ टक्क्यांचा आहे, सगळ्या डोंगरातला सर्वांत श्रीमंत. पेटी अगदीच फिकी दिसली. पाणी मारलं. ओली झाली, पण फिकीच राहिली. अर्धी कोअर लॅबला गेल्यावर पेटीत कमी दिसणारच म्हणा. दुसरी काढली. तिसरी काढली. मामा मागे उभा होता. म्हणाला, "मलई लॅबला गेली वाटतं, साहेब." मी हसलो.

चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक.

१८ मार्च

चष्मा नाही.

माझ्याच अक्षरात लिहिलंय, चौसष्ट ते पासष्ट मीटर, तांब्याचं खनिज आठ टक्के. पेटीतल्या अर्ध्या कोअरमध्ये भिंग लावून बघितलं, एक टक्काही धड सापडलं नाही. फोटो काढून शेजारी ठेवले. फोटोत प्रत्येक तुकडा कसा झळकतोय! प्रत्येकाची चमक दिव्याकडे. दिवा उजवीकडे.

संध्याकाळपर्यंत एकतीस पेट्या उघडल्या. मग पहिल्या सहा भोकांच्या काढल्या, ट्यूबखालच्या. त्यांत चमकही आहे आणि कोरडं अंगही आहे, दोन्ही मिसळून.

कंबर मोडली. चहा दोनदा गार झाला.

१९ मार्च

मावशींना विचारलं. करवत बंद केली आणि सरळ विचारलं, "मावशी, चमकदार बाजू नेहमी उजवीकडे यायची?"

"हो की."

"नेहमी?"

"दहातले आठ-नऊ तुकडे. तो नवा दिवा आल्यापासून." त्यांनी हात पुसले. "मी म्हटलं होतं तुम्हाला."

"मग जरा जोरात म्हणायचं होतं!"

ओरडलोच मी. त्यांनी पातं पुसायला घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, रेघ तुम्ही मारता. मी रेघेवर कापते. मला वाटलं, तुम्हाला तसंच हवंय."

मी तसाच बाहेर आलो. माफी मागायला हवी होती. ती दुपारी मागितली. "जाऊ द्या हो," म्हणाल्या आणि स्वतःच्या डब्यातलं उकडलेलं अंडं माझ्यापुढे सरकवलं. ते रुमालात बांधून घेतलं.

२० मार्च

मला माहीत नव्हतं? हाच एक प्रश्न सकाळपासून डोक्यात घण घालतोय. मुद्दाम केलं नाही, आईशप्पथ. तुकडा फिरवला तो फोटोसाठी. रेघ मधोमध मारली, अगदी पट्टी ठेवून. उजवी बाजू उचलली ती नियमाने. तिन्ही गोष्टी बरोबर आणि तिन्ही मिळून लबाडी.

पण मावशींनी महिन्यापूर्वी विचारलं तेव्हा मी त्यांची नजर तयार झाल्याचं कौतुक केलं. विषय असा झटकला की मलाही कळू नये. हे कुणी केलं? मीच ना?

आणि हेही लिहितो. तपासनीस पास करून गेलाय. मावशी कुणाला बोलणार नाहीत. सही केली तर कुणाच्या बापाला कळणार नाही. निदान दोन-तीन वर्षं. सकाळी दाढी करताना हा विचार आला आणि पाच मिनिटं तिथेच राहिला.

२१ मार्च

ताईला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच.

मग म्हणाली, "कापलंसही तू आणि उचललंसही तूच."

"हो."

"आई असती तर कान पिळला असता."

"ताई, माहितीये मला."

"मग आता काय करणारेस?"

"उरलेल्या डाव्या बाजू जास्तीचे पैसे भरून तातडीने लॅबला पाठवतोय. सातवं, आठवं, नववं, सगळ्या. एकशे सव्वीस नमुने."

"मग मला फोन कशाला केलास? ठरवलंयस की."

खरंतर तेव्हाच, तिला सांगता सांगता ठरवलं होतं.

मोठ्या साहेबांनाही कळवलं. आधी म्हणाले, "गंमत करताय." मग म्हणाले, "तपासणीत काही निघालं नाही ना?" मग आवाज खाली आणून, "नाहीसाहेब, एकदा तरी हो म्हणायची संधी आली होती हो तुम्हाला." मी म्हटलं, "म्हणूनच." त्यांनी संचालकांची सव्वीसची भेट रद्द केली.

२३ मार्च

दहाव्याची कोअर आली. दिवा उचलून टेबलाच्या बरोब्बर वर टांगला, वायर लांबवून. तुकडे मशीनमधून जसे आले तसे पेटीत लावले, एकही वळवला नाही. हात मधेच पुढे जायचा, मी खिशात घालायचो.

मग मावशींना म्हटलं, "रेघ मी मारतो. कापून झाल्यावर कुठली अर्धी पिशवीत घालायची ते तुम्ही ठरवा. मी बघणार नाही."

"मी? साहेब, मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. या पिशव्यांत काय पडतं त्यावर त्यांची करवत चालू राहणार की बंद होणार, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. मागे करवत ओरडत होती, थांबत होती. प्रत्येक वेळी खण्ण आवाज व्हायचा, नाणं फरशीवर पडल्याचा. मग दगड पिशवीत पडायचा.

त्या घरी गेल्यावर पेटी उघडली. जागोजाग चमकदार अर्धी कोअर पेटीतच राहिली होती. जांभळट, निळी, मोठमोठ्या पोकळ्या भरलेली. नवा दिवा आल्यापासून पेटीत एवढी चमक राहिलेली मी पहिल्यांदा बघत होतो. टेबलाच्या कडेला एक नाणं होतं, दगडाच्या चिखलाने माखलेलं. धुऊन त्यांच्या चहाच्या कपाजवळ ठेवलं. मला रडू आलं, साफ सांगतो.

२९ मार्च

डाव्या बाजूंची सरासरी ०.३८. चांदी अकरा.

उजव्या १.१२. दोन्ही मिळून ०.७५. चांदी बावीस. दहाव्याचंही आलं, ०.७३.

थोडक्यात गेलं. दुपारभर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो, जणू कुठलं तरी बटण चुकलं असेल. नाही चुकलं. पहिलं पान फाडलं आणि नवं लिहिलं.

३० मार्च

अकराला मीटिंग. मोठे साहेब म्हणाले, "थोडक्यात सांगा." सांगितलं. तांबं आहे, चांदी आहे, खाण काढण्याइतकी नाही. आधीचे आकडे का फुगले तेही सांगितलं. दिवा, फोटो, कुणी तुकडे वळवले, सगळं.

एक संचालक म्हणाले, "हे अहवालात लिहायलाच हवं का?"

"लिहिलंय."

दुसऱ्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "आणि इथे? पूर्वेला, आणखी शंभरएक मीटरवर?"

याच प्रश्नाने चौदा वर्षं माझा पिच्छा पुरवलाय. म्हटलं, "तिथे ड्रिल केलेलं नाही. मला माहीत नाही."

"अंदाज?"

"माझे अंदाज सध्या धरू नका."

सही केली. विसावं नाही.

मामाला सांगितलं तेव्हा त्याने आधी डोंगराला शिवी दिली, मग मला, मग खांद्यावर हात ठेवला. "चला, मशीन उतरवतो." मावशी पातं काढून पुसत होत्या. जुन्या फरशीवाल्याकडे काम आहे म्हणाल्या, पुढच्या सोमवारपासून. म्हटलं, "मावशी, तुमची चार करवतींची मुकादमी बुडवली मी." म्हणाल्या, "फरशा बऱ्या, साहेब. त्यांचे कुणी फोटो काढत नाही." आणि मग दोघंही असे हसलो की मामा बघायला आला.

ताईचा फोन. "काय म्हणालास शेवटी?"

"नाही."

"बरं वाटलं?"

"नाही."

"ये घरी. केक करते. कापशील तू."

सामान बांधून झालं. चौसष्टाव्या मीटरचा पेटीतला एक तुकडा, कोरड्या अंगाचा, लिहून देऊन मागून घेतलाय. ताईला दाखवायला. सकाळी सातची बस आहे. खाणीच्या बाजूची खिडकी मिळाली तर तिथेच बसेन.